सोलच्या खाणावळी: चार दिवस, चार ताटं

दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तिथल्या वस्तीत जेवायला जाताना ‘रेस्टॉरंट’ हा शब्द डोक्यातून काढावा आणि खाणावळ डोळ्यांसमोर आणावी. पाच-सहा टेबलं, आत बाई स्वयंपाकाला, बाहेर नवरा वाढायला, संध्याकाळी गल्ल्यावर मुलगा. ठरलेलं ताट, संपलं की पुन्हा वाढणं, आणि वेळ टळली की दार बंद. या ताटाला बेकबान म्हणतात. शब्दशः ‘पांढरा भात’, पण सोबत सार किंवा रस्सा आणि पाच-सात बान्छान, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूच्या पदार्थांच्या वाट्या. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोघांनी चार दिवस अशाच जागा धरून केलेली ही फेरी. व्हिसा, विमान, हॉटेल सगळं सुरळीत पार पडलं, त्यामुळे त्यावर शब्द घालवत नाही.

पहिला दिवस: मांगवन-दोंग

हान नदीच्या उत्तर काठावरची वस्ती. मेट्रोच्या 6 नंबरच्या लाइनवर मांगवन स्टेशन, 2 नंबरच्या दाराने बाहेर, पाच मिनिटांवर मांगवन बाजार. बाजारातून आडवं निघालं की लाल विटांच्या तीन-चार मजली इमारती सुरू होतात आणि त्यांच्या तळमजल्यावर खाणावळी. हवा कोरडी, दुपारी 8-9 अंश, रात्री शून्याच्या आसपास. कडेला जिंको झाडांची पिवळी पानं, आणि जागोजागी लांबट चिनी कोबीच्या राशी. या राशींचं काम तिसऱ्या दिवशी आहे.

जागा कशी निवडायची? बाहेरच्या फोटोंवर जाऊ नये. भिंतीवरची यादी बघावी. चार-सहा ओळींची असेल तर आत जावं. तीस पदार्थांची यादी म्हणजे अर्धं सामान फ्रीझरमधलं. दुसरी खूण आणखी पक्की. कोरियात प्रत्येक खानावळीला मुख्य जिन्नस कुठून आले याची पाटी लावणं कायद्याने बंधनकारक आहे: तांदूळ, मांस, किमचीचा (म्हणजे आंबवलेल्या तिखट लोणच्याचा) कोबी, तिखट. भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा त्या पाटीवर धरावा. कोबीपुढे ‘कुंग्नेसान’ म्हणजे देशी असेल तर किमची बहुतेक घरची. ‘चुंगुक्सान’ म्हणजे चीनहून आलेली असली तर ती डब्यातली तयार किमची असण्याचा संभव मोठा. कुठल्याही ऑनलाइन ताऱ्यांपेक्षा या पाटीवर आमचा भरवसा जास्त.

साडेअकराला आत गेलो, ती वेळ बरोबर ठरली. बारा ते एक या तासात आसपासचे कामगार आणि दुकानदार येतात आणि टेबल मिळत नाही. तीन ते पाच बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं, दारावर तशी चिठ्ठी असते. म्हणजे सव्वाअकरा किंवा सव्वाएक.

आत शिरलं की वाट बघत उभं राहू नये. बोटांनी माणसांची संख्या दाखवावी, ते टेबल दाखवतात. चमचे-चॉपस्टिक कुठे, हा प्रश्न पहिल्या खेपेला हमखास पडतो. टेबलाच्या बाजूला, पोटाशी, एक पातळ खण असतो. त्यात स्टीलचे लांब दांड्याचे चमचे, चपट्या चॉपस्टिक आणि कागदी रुमाल. पाणी स्वतः आणायचं: कोपऱ्यात छोटा फ्रिज, त्यात बाटल्या, वर निर्जंतुक कपाटात स्टीलचे पेले. टेबलावर घंटेचं बटण नसेल तर हाक मारावी लागते, आणि हाक न मारता बसलात तर बसलेलेच राहाल. कोणी येऊन विचारत नाही. यात उद्धटपणा नाही, तशी रीतच नाही.

हाक काय मारायची तर ‘यॉगियो’, म्हणजे ‘इकडे जरा’. पण नेहमीची गिऱ्हाइकं मारतात ती हाक ‘इमो!’ इमो म्हणजे आईची बहीण. आत्येला वेगळा शब्द आहे, कोमो, पण खाणावळीत तो कोणी वापरत नाही. आपल्याकडेही मेसवाल्या बाईंना मावशीच म्हणतात, आत्या कोणी म्हणत नाही. मालक पुरुष असेल तर ‘साजांग्निम’. बाई तरुण असतील तर ‘इमो’ टाळून ‘यॉगियो’वर भागवावं.

दोन बेकबान, प्रत्येकी 9,000 वॉन. हजार वॉन म्हणजे साधारण साठ रुपये, तेव्हा माणशी साडेपाचशेच्या आत. चार-पाच मिनिटांत टेबल भरलं: कोबीची किमची, मुळ्याच्या चौकोनी फोडींची काक्दुगी, मोडाच्या सोयाबीनचं कोंगनामुल, पालक, अंड्याची गुंडाळी, भाजलेला समुद्री शेवाळाचा कागद, बोटाच्या पेराएवढे सुके मासे गोडसर पाकात परतलेले, भाजलेला अर्धा गोदुंगऑ मासा, आणि मधोमध काळ्या मातीच्या भांड्यात खदखदणारं द्वेन्जांग-चिगे. गोदुंगऑ हा बांगड्याच्या गोतावळ्यातलाच, पण अंगाने मोठा आणि चरबट. पाठीकडून चिरून उघडायचा, मीठ लावून ठेवायचा आणि तसाच भाजायचा. हळद नाही, तिखट नाही. कोकणी जिभेला पहिला घास ओका लागतो. भातासोबत तिसऱ्या घासाला पटतं.

चिगे म्हणजे दाट रस्सा. द्वेन्जांग ही आंबवलेल्या सोयाबीनची लगदी: शिजवलेल्या सोयाबीनचे ठोकळे वाळवून, बुरशी धरू देऊन मिठाच्या पाण्यात मुरवतात, पाणी निथळलं की ते सोयासॉस, उरलेला गाळ द्वेन्जांग. युनेस्कोने 2024 साली ही परंपरा आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. चांगल्या चिग्यात साधं पाणी नसतं, तांदळाचं दुसरं धुवण असतं. पहिलं धुवण धुळीचं म्हणून फेकतात, दुसऱ्यातल्या पिठामुळे रस्सा जरा धरतो. बटाटा-मुळा आधी, मग कोवळा भोपळा, तोफू अगदी शेवटी. लगदी फार उकळली की वास उडतो आणि खारटपणा तेवढा उरतो. इथे ते झालं नव्हतं.

कोंगनामुल दिसायला सोपं, पण बिघडतं लगेच. मोड शिजवताना झाकण एकतर पहिल्यापासून ठेवायचं नाही, नाहीतर शेवटपर्यंत काढायचं नाही. मधेच उघडलं की कच्चट उग्र वास बसतो. तीन-चार मिनिटं शिजवून मीठ, लसूण, तिळाचं तेल.

भाताची वाटी स्टीलची, झाकणाची, आणि चटका देणारी, कारण ती गरम कपाटात ठेवलेली असते. हातात उचलायला जाऊ नये. कोरियात वाटी टेबलावरच ठेवून चमच्याने खातात. सगळीकडे वाटी एकाच मापाची का? तांदूळ वाचवायच्या मोहिमेत 1976 साली सोल शहराने माप ठरवून दिलं: 10.5 सेंमी व्यास, 6 सेंमी उंची. जास्तीची वाटी बहुधा 1,000 वॉन. बान्छान मात्र फुकट: रिकामी बशी दाखवून ‘दॉ जुसेयो’, अजून द्या. भाज्या, किमची कितीही. मासा आणि अंडं पुन्हा मागू नये. कोपऱ्यात ‘सेल्फ’ अशी पाटी असेल तर स्वतः वाढून घ्यायचं, आणि घेतलेलं टाकायचं नाही. काही ठिकाणी उष्ट्यासाठी दंडाची पाटीही दिसते.

बिल टेबलावर येत नाही. उठून दाराशी जायचं, टेबल दाखवायचं, कार्ड द्यायचं. टीप नाही, ठेवलीत तर विसरलात असं समजून मागे पळत येतात.

प्रवासाचं थोडक्यात: रस्ता शोधायला नेव्हर मॅप हे कोरियन ॲप घ्यावं, खाणावळीच्या वेळा आणि नेहमीच्या सुट्ट्या त्यावर खऱ्या असतात. मेट्रोला टी-मनी कार्ड, पहिल्या दहा किलोमीटरला 1,550 वॉन. कार्डात पैसे भरायला रोख जवळ ठेवावी.

दुसरा दिवस: सॉंगबुक-दोंग

4 नंबरच्या लाइनवरचं हान्सॉंग विद्यापीठ स्टेशन, तिथून बस. डोंगरउतारावरची वस्ती, वर जुन्या शहराची तटबंदी. इथे खायचं ते किसा-शिकदांगमध्ये. किसा म्हणजे चालक, टॅक्सीवाल्यांची खाणावळ. तिची अक्कल अशी की गाडी लावायला जागा हवी, जेवण पाच मिनिटांत हवं, आणि एकट्याला वाढलं पाहिजे. शेवटचा मुद्दा एकट्याने फिरणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. कोरियात रस्सा, भट्टीचं मांस असे कितीतरी पदार्थ ‘किमान दोन माणसांचे’ असतात, एकट्याला सरळ नाही म्हणतात. किसा-शिकदांगमध्ये ती अडचण नाही.

या भागाची ओळख दोन पदार्थांवर: डुकराच्या मांसाचं बुलबेक आणि थाळीभर मोठा डोन्कासू. बुलबेक म्हणजे सोयासॉस, साखर, लसूण लावून भाजलेले पातळ काप, भात, लेट्युसची पानं, कच्चा लसूण, शिंपल्यांचं पातळ सार. दहा ते बारा हजार वॉन. डोन्कासू म्हणजे मांस कुटून ताटाएवढं पसरवायचं, पाव-चुऱ्यात घोळवून तळायचं, वर तपकिरी सॉस. त्यासोबत हिरवी मिरची येते, अख्खी, आणि बाजूला द्वेन्जांग. मिरची बुडवून चावायची. आपल्या झणझणीत मिरचीच्या मानाने ही लांबट मिरची फिकी, पण चॉंग्यांग जातीची आखूड मिरची आली तर जपून. दोन्ही हिरव्याच, फरक फक्त लांबीत. शेजारच्या टेबलावरच्या वयस्कर चालकाने आमच्या बशीतली आखूड मिरची बोटाने बाजूला सारून मान हलवली होती. आम्ही ती खाल्ली, त्याने स्वतःहून उठून पाणी आणून दिलं.

जेवणानंतर चढावर शिमुजांग बघावं. भिक्षू आणि कवी मानहे हान योंग-उन यांचं हे छोटं घर 1933 सालचं. जपानी राजवटीविरुद्धच्या 1919 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या 33 जणांपैकी ते एक. घरं दक्षिणेला तोंड करून बांधायची रीत असताना हे उत्तराभिमुख आहे, कारण दक्षिणेला जपानी गव्हर्नर-जनरलचं कार्यालय पडत होतं. 1944 मध्ये ते इथेच वारले. गल्ली अरुंद आणि पायऱ्यांची, पाऊस असेल तर बुटाचा तळवा बघून जावं.

आता शाकाहाऱ्यांचं. खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही: लहान खाणावळीत कडक शाकाहार अवघड आहे. किमचीत खारवलेली बारीक कोळंबी आणि माशाचा अर्क असतो. रस्सा सुक्या माशांच्या पाण्याचा. पालेभाजीतही कधी माशाचा अर्क. ‘मांस नको’ म्हटलं की मांसाचे तुकडे काढून तोच रस्सा समोर येतो, आणि त्यांच्या मते त्यांनी तुमचं ऐकलेलं असतं. अंडं चालत असेल तर बिबिम्बाप (भाज्या घालून कालवायचा भात) मागावा आणि ‘गोगी प्पेगो जुसेयो’ (मांस वगळून द्या) म्हणावं. त्यातही एक गोम आहे: वरचा लाल गोचुजांग, म्हणजे आंबवलेल्या तिखटाची लगदी, पुष्कळदा गोमांसाचा खिमा घालून परतलेला असतो. तो वेगळ्या वाटीत मागून तपासावा. गोमांस टाळणाऱ्यांनी ‘सोगोगी’ हा शब्द पाठ करावा आणि समुद्री शेवाळाच्या सारालाही विचारून घ्यावं, त्यात ते सर्रास असतं. मासे खाणाऱ्याला मात्र इथे काहीच अडचण नाही.

तिसरा दिवस: सॉछोन, आणि बंद दार

सकाळपासून पाऊस. पावसात आपल्याला भजी सुचतात तशी कोरियनांना पातीच्या कांद्याची धिरडी आणि सुजेबी सुचते. सुजेबी म्हणजे आपली वरणफळंच, फक्त वरणाच्या जागी सुक्या माशांचं आणि समुद्री शेवाळाचं पाणी. कणीक नाही, मैदा. लाटायचा नाही, ओल्या हाताने पातळ ताणून तुकडे थेट उकळत्या पाण्यात तोडायचे. तीच पिठाची गोळी लाटून सुरीने कापली की खाल्गुक्सू, म्हणजे नूडल्स. चव सगळी पाण्यावर. सुक्या माशांचं डोकं आणि पोटातली काळी पिशवी काढली नाही तर सार कडू होतं. शेवाळ उकळी आल्यावर फार वेळ ठेवलं तर बुळबुळीत. दहा मिनिटांत ते बाहेर.

क्यॉंगबोकगुंग स्टेशनच्या पश्चिमेला, राजवाड्याच्या भिंतीपलीकडच्या सॉछोनच्या गल्ल्यांत अशाच एका सुजेबीवालीकडे निघालो होतो. दारावर हाताने लिहिलेली चिठ्ठी. ॲपने वाचून दाखवली: ‘आज किमजांग. जेवण नाही.’ आतून मात्र लसणाचा वास आणि पाच-सहा बायकांचे आवाज. दार अर्धवट उघडं होतं.

किमजांग म्हणजे हिवाळ्याची किमची घालण्याचा दिवस. आपल्या उन्हाळी वाळवणासारखीच वर्षाची बेगमी, फक्त ही थंडीच्या तोंडावर. 2013 साली युनेस्कोच्या यादीत. मालकीण, तिच्या दोन बहिणी, सून आणि शेजारणी जमिनीवर निळं प्लास्टिक अंथरून बसल्या होत्या, सगळ्यांच्या हातात कोपरापर्यंत लाल रबरी हातमोजे. आत यायची खूण झाली. बूट काढून उंबऱ्याशी बसलो आणि सुमारे तासभर बघितलं.

कोबी आदल्या रात्रीच मिठात पडलेला. उभा अर्धा करायचा, मिठाच्या पाण्यातून काढायचा, आणि समुद्राचं जाडं मीठ पानांत नव्हे तर देठांच्या बुडाशी भरायचं, कारण पानाला मीठ पटकन लागतं, देठाला नाही. आठ-दहा तास, मधे एकदा वरचा खाली, खालचा वर. झालं की नाही हे जाडं देठ वाकवून कळतं: वाकलं तर मुरलं, काड्कन मोडलं तर अजून वेळ आहे. मग तीन पाण्यांतून धुवून, कापलेली बाजू खाली करून दोन-तीन तास निथळायचं. इथे घाई केली की पुढे किमची पाणचट होते आणि मसाला भांड्याच्या तळाशी जाऊन बसतो. ज्यांना हे सगळं नको ते तयार खारवलेल्या कोबीची 20 किलोची खोकी मागवतात. एका खोक्यात सात-आठ कोबी. या बाईंनी अर्धा घरी खारवला होता, अर्धा खोक्यातला. वय झालं, असं सुनेने ॲपमध्ये टाइप करून सांगितलं.

मसाल्याचा क्रम महत्त्वाचा. मुळ्याच्या काड्यांना आधी नुसतं गोचुगारू, म्हणजे भरड लाल तिखट चोळायचं. रंग आधी धरला पाहिजे, बाकीचं ओलं नंतर. मग चिकट तांदळाच्या पिठाची पातळ खळ, खारवलेली कोळंबी, माशाचा अर्क, लसूण, थोडंसं आलं, कांद्याची पात, मोहरीचा पाला. आलं जास्त झालं की किमची कडवट होते, म्हणून लसणाच्या मानाने ते अगदी थोडं. खारवलेली कोळंबी नाकाशी धरली तर जवळ्याच्या टोपलीची आठवण येते, फक्त ही ओली.

भरताना बाहेरच्या पानापासून आत, एकेक पान उचलून, बोटांनी देठाकडे मसाला लावायचा. पानांच्या शेंड्याला पुसटसा हात. शेवटी बाहेरचं मोठं पान सगळ्या गड्ड्याभोवती गुंडाळायचं, नवजात बाळाला गुंडाळतात तसं घट्ट. डब्यात कापलेली बाजू वर करून दाबून ठेवायचं, हवा राहू द्यायची नाही, आणि वर चार बोटं जागा सोडायची कारण आंबताना फुगतं. एक दिवस बाहेर, मग शून्य अंशाच्या आसपास ठेवणारा किमचीचा वेगळा फ्रिज.

सुजेबी नाही मिळाली. पण किमजांगच्या दिवशी उकडलेलं डुकराचं मांस करतातच, आणि मालकिणीने त्याच्या कापाभोवती ताज्या किमचीचं पान गुंडाळून थेट तोंडाशी धरलं. हाताने भरवणं हा इथे जिव्हाळा, मागे सरकू नये. पैसे घेतले नाहीत. अशा घरी हात हलवत जायचं नसतं हे नंतर सुचलं आणि बाजारातून टँजेरिनची पेटी नेऊन दिली. हिवाळ्यात ती स्वस्त असतात आणि कोणी नाकारत नाही.

रात्री मुक्कामाजवळच्या भट्टीवर साम्ग्यॉप्साल, डुकराच्या पोटाचं मांस. किमान दोन भाग, एक भाग दीडशे ते दोनशे ग्रॅम. गोल स्टीलच्या स्टुलाची बैठक झाकणासारखी उचलली जाते. कोट आणि पिशवी त्यात टाकायची, नाहीतर धुराचा वास घरापर्यंत येतो. तवा मुद्दाम उतरता असतो. मांस वर ठेवायचं, किमची खालच्या कडेला, म्हणजे ओघळणारी चरबी किमचीत उतरते. सारखं उलटू नये. एक बाजू लाल झाली की उलटायचं, मग कात्रीने कापायचं. पान, मांस, लसूण, जरासं साम्जांग (द्वेन्जांग-गोचुजांगची चटणी), आणि सगळं एकाच घासात. अर्धं तोडलं की हातात सगळं सुटतं. सोजू ही इथली दारू ओतताना बाटलीला दोन्ही हात, आणि आपला पेला आपण भरायचा नाही. स्वच्छतागृह जिन्यात असतं, त्याची किल्ली गल्ल्याशी टांगलेली. परत आणून ठेवायची.

चौथा दिवस: पुन्हा मांगवन

विमान संध्याकाळचं. दुपारी सव्वाएकला पहिल्याच खाणावळीत. ताट तेच, वाट्या बदललेल्या: पालकाच्या जागी नेच्याची गोसारी, माशाच्या जागी तोफू, चिग्याच्या जागी शिरेगीचं सार. इथे बान्छान बाजारावर ठरतात, यादीवर नाही. मावशीने ओळखलं, न मागता दोन अंडी तळून आणली आणि ‘सॉबिसू’ म्हणाली. शब्द इंग्रजी सर्व्हिसचा, अर्थ मात्र ‘आमच्याकडून’. अशा वेळी ‘चाल मॉक्केस्सुम्निदा’, नीट जेवतो, म्हणून खायला लागावं. निघताना ‘चाल मॉगॉस्सुम्निदा’, नीट जेवलो. दाराशी साखर-दुधाच्या मिश्र कॉफीचं यंत्र होतं, इवलासा कागदी पेला, फुकट.

शिरेगी म्हणजे मुळ्याचा वाळवलेला पाला. किमजांगला मुळे वापरले की पाला उरतो, तो टाकत नाहीत. मागच्या दाराशी दोरीवर ताज्या पाल्याच्या जुड्या उलट्या टांगल्या होत्या, अजून हिरव्या. सावलीत, वाऱ्यावर वाळल्या पाहिजेत. उन्हात पिवळ्या पडतात. आम्ही प्यायलो ते सार गेल्या वर्षीच्या पाल्याचं होतं, नवा पाला जानेवारीत भांड्यात जाईल. जाणाऱ्यांनी एवढं बघून जावं की ही खाणावळ महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी बंद असते, आणि किमजांगची सुट्टी नेव्हर मॅपवर लिहिलेली नसते.